डाव्या पायाचं कांडप

वीस वर्षं ड्रम वाजवलेल्या माणसाला 'तुला डावा पाय आहे' हे कोणी सांगायची वेळ येऊ नये. माझ्यावर आली. आणि सांगितलं तेही बंडूजींनी, चहाची बशी तोंडाला लावून, चारचौघांत.

बंडूजी म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक. 'बंडूजी अँड पार्टी' हे नाव वर्धा जिल्ह्यात ज्याला माहीत नाही, त्याचं लग्नच झालेलं नाही असं खुशाल समजावं. मी त्यांचा ड्रमर, हरिदास. दिवसा भांडी विकतो आणि संध्याकाळी भांडी सोडून बाकी सगळं बडवतो. भांड्यांचं दुकान वडिलांचं, ड्रमचा नाद माझा स्वतःचा. या दोन्हींत वडिलांना फारसा फरक दिसत नाही, आवाज दोन्हीकडे सारखाच होतो म्हणतात.

तर बंडूजी म्हणाले, "हरिभाऊ, उजव्या पायानं तुम्ही मोठा ड्रम वाजवता. बरोबर?"

"बरोबर."

"मंग डावा पाय काय करते?"

"हाय-हॅट सांभाळते," मी जरा ताठ होऊन म्हणालो. हाय-हॅट म्हणजे स्टँडवरच्या त्या दोन झांजा. डावा पाय दाबला की मिटतात, सोडला की उघडतात.

"म्हंजे बसून पगार खाते," बंडूजी म्हणाले, आणि बशी खाली ठेवली.

झालं होतं असं, की इंजिनिअरिंग कॉलेजचं गॅदरिंग आमच्या हातात आलं होतं. पण पोरांची अट होती, 'डबल बास' पाहिजे. म्हणजे मोठा ड्रम दोन्ही पायांनी, दोन पायडलांवर, एकाआड एक असा वाजवायचा, की मधे श्वास घ्यायलाही फट राहू नये. गॅदरिंगचा सेक्रेटरी धीरज नावाचा मुलगा बंडूजींच्या शेजारीच बसला होता. त्याने मला समजावून सांगितलं, "काका, आमच्या गाण्यात दोन्ही पाय लागते. धडधडधडधड. मधात गॅप नाई पायजे. तुम्हाले जमते का?"

काका म्हणायला माझी हरकत नव्हती. पण एस.टी.त उठून जागा देताना म्हणतात ना, त्या सुरात त्याने ते म्हटलं.

"जमते," मी म्हणालो. चाळिशी ओलांडलेला माणूस जन्मभराचा घोटाळा असाच एका शब्दात करून ठेवतो.

बंडूजी काही दूधखुळे नाहीत. ते म्हणाले, "गॅदरिंगच्या आधीच्या शनिवारी दुपारी मी तुमच्या घरी येतो. ऐकवजा. जमलं, तर स्टूल तुमचं. नाई, तर नागपूरचा एक पोट्टा आहे, तो येईन आपल्या पायडलसकट. तुम्ही बाजूले उभं राहून खंजिरी वाजवजा."

खंजिरी! बाहेरच्या माणसाला यातलं दुःख कळायचं नाही. आमच्याकडे कवडूजी हार्मोनियम वाजवत. कीबोर्ड आला तेव्हा त्यांना 'फक्त एका प्रोग्रामपुरतं' बाजूला उभं केलं. आज ते कार्यक्रमाच्या आधी माइकसमोर जाऊन 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणतात आणि खाली उतरून चहा सांगायला जातात. स्टूलवरून एकदा उठलेला माणूस परत बसत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी आधी डाव्या पायाकडे बघितलं. धाकट्या मेहुण्याकडे बघावं, तसं बघितलं.

पायडल नागपुरातून मागवलं. डबल पायडल म्हणजे दोन पायडलं आणि त्यांना जोडणारा एक लोखंडी दांडा. डाव्या पायाने दाबलं की दांडा फिरतो आणि दुसरा हातोडा उजव्याच्या शेजारी ड्रमवर आपटतो. दुकानदाराने खोकं वर्ध्याच्या एस.टी.त ठेवतो म्हणून सांगितलं आणि चंद्रपूरच्या गाडीत ठेवलं. कंडक्टर बिचारा भला. त्याने ते जामच्या चौकात एका हॉटेलात उतरवलं आणि तिथून शेजारच्या शकुंतलाबाईंकडे फोन आला. आमच्या गल्लीत फोन त्यांच्याकडेच. ऑर्केस्ट्राच्या सगळ्या बुकिंगा त्यांच्याच फोनवर येत, म्हणून सण असो नसो, आमच्या घरून त्यांच्याकडे वाटी जात असे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं, ते सगळं या फोनच्या मिंधेपणापायी झालं.

जामला पोचलो तर हॉटेलवाला तानबा, दोन ट्रक ड्रायव्हर आणि एक पंक्चरवाला असे चौघे माझ्या पायडलाभोवती बसलेले. खोकं फोडलेलं. एक ड्रायव्हर बाकावर बसून दोन्ही पायांनी ते दाबत होता, आणि पंक्चरवाला सायकलची ट्यूब घेऊन हवेची वाट बघत होता.

"हवा काऊन नाई येऊन राह्यली याच्यातून?" तानबाने मलाच विचारलं. "दोन चाकात एका टायमाले भराचा पंप दिसते. पण पीस खराब आहे."

मी सांगितलं, की हा पंप नाही, हे ड्रम वाजवायचं यंत्र आहे. बाकावरच्या ड्रायव्हरने झटकन पाय काढून घेतले. मग तानबा हळू आवाजात म्हणाला, "ढोलाले पाय लावता जी तुम्ही?"

"लावावाच लागते."

"वाद्याले? दोन्ही पाय?"

वीस वर्षं मी एक पाय लावत होतो, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. तानबाने खोकं माझ्या हाती देण्याआधी मला त्या पायडलाला हात लावून नमस्कार करायला लावला. मी केला. परतीच्या गाडीत वाटलं, यापेक्षा त्याने चहाचे पैसे जास्त लावले असते तर बरं होतं.

आता शिकणं. शिकवणारा कोणी नव्हता. धीरजने जाता जाता एवढंच सांगितलं होतं, "काका, डाव्या पायानं सुरू करा, टाच वर ठेवा, आणि आधी हळू." मी पहिल्या दिवशी ड्रमसमोर बसलो. हात माझे, उजवा पाय माझा, आणि डावा पाय कोणीतरी भाड्याने आणून ठेवलेला. मी सांगे एक, तो करी दुसरंच. उजवा ठोका पडला की हा विचार करी, मग पडू की नको, आणि तोवर उजवा पुढे निघून जाई. वीस वर्षांचा अनुभव एका बाजूला ठेवून मी पुन्हा अ-आ-ई गिरवायला बसलो. खोटं कशाला बोलू, रडू येत होतं. आपल्याला येतं अशी खात्री असलेल्या गोष्टीत आपण ढ निघावं, यासारखा अपमान नाही. तो करणारा दुसरा कोणी असता, तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग मी डाव्या पायाला वळण लावायचं ठरवलं. जिना डाव्याने चढायचा. चप्पल डावी आधी. दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या खाली दोन्ही पाय सारखे चालवत राहायचं, डावा-उजवा, डावा-उजवा.

इथे वडील आडवे आले. बबनराव, वय पंचाहत्तर, नजर तेज.

"हरी, तू सकाळी दुकानात डावा पाय आधी टाकला."

"चुकून पडला, बाबा."

"काल पण चुकून पडला. परवा पण. अन् आता गादीवर बसून पाय हालवून राह्यला. बसल्या जागी पाय हालवला का लक्ष्मी उठून जाते, माहीत आहे ना?"

आमच्या घराण्यात गादीवर पाय हलवणं म्हणजे गल्ला उघडा टाकून गावाला जाण्यासारखं आहे. मी पाय थांबवला. पण सवय लागली होती. अल्लीपूरच्या आनंदाबाई हिरवं पातळ नेसून मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी स्टीलची घागर उचलली, बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला. जाणती बाई भांडं असंच घेते. नेमका माझा पाय सुरू होता, फळी हलत होती, आणि फळीवरचे डबे, पेले, वाट्या सगळ्या बारीक आवाजात किणकिणत होत्या.

"बाप्पा! हे तर आपोआपच वाजून राह्यलं," आनंदाबाई म्हणाल्या. "चिरलं आहे जी हे. सारा मालच चिरलेला दिसते." आणि त्या निघून गेल्या. समोरच्याच दुकानात गेल्या, हे मी लिहिलं नाही तरी तुम्हाला कळलंच असेल.

वडील दरवाजाकडे बघत राहिले. "गेली," ते म्हणाले. "मी म्हणलं होतं ना. हिरवं पातळ नेसून गेली."

त्या दिवसापासून मला दुपारचं दुकान बंद झालं. "जा घरी, काय हालवाचे ते पाय तिकडं हालव," असा हुकूम झाला. दुपारी नालवाडीच्या घरी जाऊन वाजवायला मी तयारच होतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी मोठ्या ड्रममध्ये दोन गोधड्या कोंबल्या. त्यामुळे ड्रमचा दणदणाट बंद झाला आणि त्याच्या पोटातून नुसतं धुग-धुग, धुग-धुग असं येऊ लागलं. भिंतीवरच्या घड्याळाच्या ठोक्यावर मी बसे. आधी हळू, इतकं हळू की माझी बायको रक्षा स्वयंपाकघरातून विचारी, "थांबले का?" नडग्या सुजल्या, पोटऱ्यांत गोळे आले. रक्षा रात्री मीठ-पाण्याची बादली पुढे ठेवी आणि काही बोलत नसे. ती बोलत नसली की मला जास्त भीती वाटते. पण एका दुपारी डावा पाय उजव्याच्या बरोबरीने चालला. थोडाच वेळ, पण चालला. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि रक्षाला सांगितलं. ती म्हणाली, "ऐकू आलं." मला इतका आनंद झाला, की मी उभ्याउभ्याच दोन पोळ्या खाल्ल्या.

तो आनंद भिंतीपलीकडेही ऐकू गेला होता. दुसऱ्या दिवशी शकुंतलाबाई दारात उभ्या.

"काऊन वं रक्षा, कांडप लावलं अन् सांगतलं पण नाई?"

मिरच्यांचे दिवस होते. वर्षाचं तिखट करून ठेवायची वेळ, आणि बाजारातल्या मिरची कुटायच्या विजेच्या कांडपावर ही गर्दी. दुपारच्या वेळी भिंतीपलीकडून धुग-धुग, धुग-धुग ऐकू आल्यावर कोणतीही समंजस बाई दुसरं काय समजणार?

"कांडप नाई जी मावशी," रक्षा म्हणाली. "यांचे पाय आहेत ते."

शकुंतलाबाईंनी माझ्या पायांकडे बघितलं. "पायानं कांडते?"

"कांडत नाई, वाजवते."

"बरं बाई, नको सांगू," त्या म्हणाल्या. चेहरा असा पडला, जशी आमच्या घरच्या लग्नाची पत्रिका त्यांना द्यायची राहिली असावी. "फोन आला का आम्ही धावत येऊन सांगतो. तुमच्या घरी नवी वस्तू आली तर आम्हाले भिंतीतून ऐकू यावी लागते." आणि मिरच्यांची पिशवी उंबऱ्यावर ठेवून त्या निघूनच गेल्या.

आता काय करायचं? पिशवी परत केली तर फोन बंद. फोन बंद तर बुकिंग बंद. रक्षाने डोकं चालवलं. पिशवी उचलली, रिक्षाने बाजारातल्या खऱ्या कांडपावर नेली, तिखट करून आणलं आणि संध्याकाळी शकुंतलाबाईंच्या घरी पोचवलं. माझ्या बायकोने आयुष्यात घेतलेला हा एकच चुकीचा निर्णय, आणि तोही माझ्या भल्यासाठी.

कारण तिखट उत्तम निघालं. शकुंतलाबाईंनी ते गल्लीभर दाखवलं. "पाहा, कसं पिठासारखं बारीक केलं. घरगुती कांडप आहे ना." दोन दिवसांत आमच्या पडवीत पिशव्यांची रांग लागली. प्रत्येक पिशवीला नावाची चिठ्ठी. कोणी धणे पण टाकले, कोणी हळकुंडं. मी आत डावा-उजवा, डावा-उजवा करतो आहे, बाहेर बायका पिशव्यांवर बसून नंबराची वाट बघताहेत, आणि मी दमून थांबलो की खिडकीतून आवाज येतो, "काऊन थांबलं? लाइट गेली का?" रक्षा रोज रिक्षाने खेपा घालत होती. घरात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस शिंकत होता. रक्षा येणाऱ्या प्रत्येकीला खरं सांगे आणि एकही बाई ते ऐकून घेत नसे.

मंदाबाई गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांचा नंबर दोनदा हुकला. त्यांचा भाचा वीज ऑफिसात चहा पोचवतो. पुढचं तुम्ही समजलातच.

शनिवारी दुपारी मी बंडूजींची वाट बघत होतो, आणि दारात आले ते वीज ऑफिसातले साहेब. हातात फाइल, खिशाला पेन.

"मीटर घरगुती," ते म्हणाले, "अन् धंदा कांडपाचा? आक्... आक्छी! मोटर दाखवा."

"मोटर नाही, साहेब."

"मंग हे काय?" त्यांनी पिशव्यांकडे बोट दाखवलं.

"लोकायचं तिखट," रक्षा म्हणाली.

"कोण कांडते?"

"बाजारातला कांडपवाला."

"मंग इथं रोज दुपारी आवाज कशाचा येते?"

"यांच्या पायाचा."

साहेबांनी फाइल उघडली. घरगुती मीटरवर व्यवसाय, विनापरवाना मोटर, मीटर सील. पंच म्हणून त्यांनी शकुंतलाबाईंना बोलावलं, आणि जेवायला घरी आलेल्या माझ्या वडिलांनाही धरलं. वडील पंच म्हणून खुर्चीवर बसले आणि साहेबांनी काही विचारण्याआधीच म्हणाले, "मी तरी सांगत होतो याले, पाय हालवू नको म्हणून."

खिडकीत गल्ली जमली. मी घशाला कोरड पडेपर्यंत समजावलं. ड्रम दाखवला, गोधड्या काढून दाखवल्या, परत कोंबल्या. शेवटी साहेब म्हणाले, "बरं. एक काम करू." ते पडवीत गेले, मीटरखालचा फ्यूज खसकन काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. पंखा थांबला. "आता वाजवून दाखवा. वाजलं तर तुमचे पाय, नाई वाजलं तर मोटर."

नेमके त्याच वेळी बंडूजी दारात. तोंडात पान, बगलेत छत्री. त्यांनी एकदा गर्दीकडे बघितलं, एकदा मिरच्यांकडे, आणि काही न विचारता भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना काय, ते ऐकायला आले होते.

मी बसलो. समोर साहेब, बाजूला बाप, मागे मालक, खिडकीत गल्ली. घाबरलेला माणूस घाई करतो, तशी मी केली. धुगधुगधुगधुग... थोडं चाललं आणि डावा पाय अडखळला. धुग, धु... धुगधुग, धुक. थांबलं.

साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बस, बस," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. "मोटर अशी लंगडत नाई. हा माणूसच आहे."

गल्लीने निःश्वास टाकला. वडिलांनी हात जोडले. रक्षा डोळे पुसत होती, मिरचीने की कशाने कोण जाणे. सगळ्यांच्या लेखी मी सुटलो होतो. फक्त बंडूजी पानाची पुडी उलटीसुलटी करून बघत होते. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "जाऊ द्या हरिभाऊ. खंजिरी माझ्यापाशी आहे, नवी नका घेऊ."

मला राग आला. साहेबांचा नाही, बंडूजींचा नाही. मला माझाच राग आला, आणि त्या पायाची दया आली. बिचारा इतके दिवस सुजून, आंबून शिकला, आणि मी त्याला चार लोकांत घाई करून तोंडावर पाडलं.

"थांबा," मी म्हणालो. "कोणी जाऊ नका."

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. टाच उचलली. डाव्याने सुरुवात केली, अगदी हळू, जसं रोज दुपारी करत होतो तसं. धुग. धुग. धुग. धुग. डावा पडला, मग उजवा, मग डावा. कोण बघतंय ते मी विसरलो. थोडं वाढवलं. अजून थोडं. एका ठिकाणी, जिथे रोज अडखळत होतो, तिथे मी श्वास धरला, आणि पाय पुढे निघून गेला. मग डावा कोणता, उजवा कोणता, ते मला कळेनासं झालं. नुसता एक सलग आवाज, धुगधुगधुगधुगधुगधुग, कुठे फट नाही. फळीवरचे पेले हलत होते. हात रिकामे होते, तेही आपणहून झांजांवर गेले. देवाशपथ सांगतो, वीस वर्षांत मला ड्रम वाजवताना इतकं बरं वाटलं नव्हतं.

"हं! हाच, हाच," शकुंतलाबाई ओरडल्या. "रोज दुपारी असंच चालते."

साहेबांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी फ्यूज बाहेर काढला, उलटसुलट बघितला, परत ठेवला. मग ते पडवीत जाऊन मीटर बघून आले. मग शेजारच्या भिंतीवरून वायर आली आहे का ते बघितलं. मग दिवाण सरकवून त्याच्या मागे वाकले. मी वाजवतच होतो. ते शिंकत शिंकत उठले आणि पेनाचं टोपण परत काढलं.

"मघाशी मले बनवलं तुम्ही," ते गरजले. "मुद्दाम लंगडून दाखवलं! हा माणसाचा आवाज नाई. थ्री-फेजचा आहे. मोटर कुठी आहे, मले आत्ताच्या आत्ता दाखवा!"

बंडूजींनी पान थुंकलं, छत्री शकुंतलाबाईंच्या हातात दिली आणि माझ्या शेजारी जमिनीवर उकिडवे बसले. थोडा वेळ नुसतं ऐकलं. मग माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवून साहेबांना म्हणाले, "हे पाहा साहेब, मोटर हे आहे. पण हात जोडतो, गॅदरिंग होऊ द्या, मंग सील करजा."